छप्पर गळण्याआधी

वैजापूरहून पश्चिमेला निघालं की तासाभरात येवला येतं, दुसऱ्या रस्त्याने गेलं तर कोपरगाव. बोली तीच, शेतं तशीच, कांदा-मक्याच्या ट्रॉल्या तशाच. वाटेत कुठे सीमा ओलांडल्याचं जाणवत नाही. चित्रपट वितरणाच्या धंद्यात मात्र ही गावं आजही दोन वेगळ्या मुलखांत मोडतात. येवला आणि कोपरगाव ‘बॉम्बे सर्किट’मध्ये, तर वैजापूर आणि त्याच्यामागचा सगळा मराठवाडा ‘निजाम सर्किट’मध्ये. हैदराबादच्या निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. दफ्तराची भाषा बदलली, पुढे जिल्ह्याचं नावही बदललं. पण एखाद्या सिनेमाचे प्रदर्शनाचे हक्क विकायला निघाले की कागदावर अजून ‘निजाम’ लिहिलं जातं, आणि त्यात हैदराबाद, तेलंगण, बीदर, कलबुर्गी, रायचूर यांच्या ओळीत आपला मराठवाडा बसतो.

ही गोष्ट मी आधी सांगतो आहे त्याला कारण आहे. टॉकीज म्हणजे करमणूक, आणि करमणूक म्हणजे दुय्यम गोष्ट, असं धरून आपण चाललो. देवळं, गढ्या, वेशी, बारवा यांचा इतिहास लिहिला गेला, अजून लिहिला जातो आहे. टॉकीजचा लिहावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. खरं तर गावाचं निजामी राज्यातून स्वतंत्र भारतात येणं, शेतीत पाणी येणं, बायकांचं बाहेर पडणं, एस.टी.ची आणि विजेची वाट, हे सगळं त्या एका पत्र्याच्या छपराखालून गेलेलं आहे. आणि आता ती छपरं गळायला लागली आहेत.

तालुक्याच्या गावातली बंद टॉकीज ओळखायला पाटी लागत नाही. बाजारपेठेपासून हाकेच्या अंतरावर एक उंच, आंधळी भिंत. खिडक्या नाहीत, कारण आत अंधार हवा होता. दर्शनी बाजूला पोस्टर लावायच्या लोखंडी चौकटी, त्यांत फाटक्या कागदाचे थरावर थर. तिकिटाच्या खिडकीला हात जाईल एवढंच अर्धगोल भोक आणि रांग सरळ राहावी म्हणून पुढे लावलेले पाइप. दाराला कुलूप, कुलपाला गंज. अंगणात आता चहाची टपरी, मोटारसायकली आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराची वाहनं. मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला दोन लहान चौकोनी खिडक्या दिसल्या की समजावं, तिथे ऑपरेटर बसायचा.

कायमच्या टॉकीजच्या आधी तंबू होता. चित्रपटाच्या धंद्याची मुळंच आपल्याकडे फिरतीत आहेत. दादासाहेब फाळके आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला, आणि पुढे त्यांनी आपली चित्रं गावोगाव नेली तेव्हा यंत्रसामग्री बैलगाडीतून जात होती. ती परंपरा टूरिंग टॉकीजने शंभर वर्षं चालवली. जत्रेच्या मैदानावर तंबू, मालमोटारीवर प्रोजेक्टर, कर्ण्यावरून हाका, आणि जमिनीवर बसलेले हजारभर लोक. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर कितीतरी वर्षं चित्रण केलं. त्यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. जगाने तो पाहिला तेव्हा आपल्या जत्रांतले बहुतेक तंबू उतरलेले होते.

तंबू जत्रेबरोबर यायचा आणि जत्रेबरोबर जायचा. टॉकीज राहिली. भिंती घालायच्या तर जागा लागते, परवाना लागतो. १९५३ च्या चित्रपटगृह नियमन कायद्याखाली दरवाजे किती, ते कुठे उघडणार, प्रोजेक्टरच्या खोलीच्या भिंती आगीला कशा टिकणार, हे सगळं ठरलेलं असे. त्यामुळे टॉकीज ही अनेक गावांतली पहिली अशी इमारत ठरली जिचा नकाशा सार्वजनिक सुरक्षेचा विचार करून काढला गेला. बाहेर उघडणारे दरवाजे, उतरती फरशी, मागच्यालाही पुढचं दिसेल अशी रचना. शाळा पडवीत भरत होती आणि दवाखाना भाड्याच्या खोलीत होता, त्या काळात शेकडो माणसं एका वेळी सुरक्षित बसतील अशी बंदिस्त जागा गावाला टॉकीजने दिली.

आणि तिथे कुणीही जाऊ शकत होतं. या मुद्द्यावर मी थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. गावात माणसं एकत्र जमायच्या जागा आजही पुष्कळ आहेत. वैजापूर तालुका तर सप्ताहांचा. शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी, गोदावरीत सराला बेट, आणि तिथल्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतल्या सप्ताहाला लोटणारी गर्दी. मंगल कार्यालयं तर रस्तोरस्ती झाली आहेत. पण सप्ताहाला श्रद्धा लागते, लग्नाला पत्रिका लागते, सभेला पक्ष लागतो. टॉकीजला फक्त तिकिटाचे पैसे लागत. खिडकीतून आत गेलेल्या हाताला जात विचारण्याची सोय त्या अर्धगोल भोकात नव्हती. आत थर्ड, सेकंड, फर्स्ट, बाल्कनी असे वर्ग होते, बायकांची बाजू वेगळी असे, आणि हा भेद काही लहान नव्हता. तरी तो भेद पैशाचा होता. ज्याला पाणवठ्यावर बाजूला उभं केलं जात होतं, त्याने पैसे साठवून एखाद्या दिवशी बाल्कनीचं तिकीट काढलं तर त्याला अडवायला कुणापाशी नियम नव्हता. आपल्याकडच्या गावांच्या इतिहासात अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या आहेत. एस.टी.चा स्टँड, सरकारी दवाखाना, टॉकीज.

बायकांचं तर वेगळंच सांगायला हवं. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा देशभर टॉकीजच्या दारात चपला काढल्या गेल्या, पडद्यावर पैसे आणि फुलं उधळली गेली. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला आणि महाराष्ट्रभर बायका गाड्या जोडून, ट्रॅक्टर भरून तालुक्याला आल्या. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी या सिनेमाची रडका म्हणून टिंगल केली. मला ती टिंगल कधी पटली नाही. घरात कुणासमोर रडायची सोय नसलेल्या बाईला अंधारात, आपल्यासारख्याच दोनशे जणींच्या शेजारी बसून रडायला मिळालं, ही गोष्ट क्षुल्लक नाही. आज तोच सिनेमा मोबाइलवर फुकट दिसतो. शेजारच्या दोनशे जणी तिथे नसतात.

एका खेळामागे किती माणसं उभी असत तेही नव्या पिढीला माहीत नाही. फिल्मची पेटी यायची. दोन हजार फुटांचं एक रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं, म्हणजे एका हिंदी सिनेमाला सात-आठ रिळं. कार्बनच्या कांड्यांची ज्योत सारखी ठेवायची, रीळ संपायच्या आत दुसरा प्रोजेक्टर तयार करायचा, आणि पडद्यावरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की बदली करायची, ती अशी की खाली कुणाला कळू नये. ती चुकली की थर्डातून शिट्ट्या. खाली डोअरकीपर, बॅटरीवाला, बुकिंगचा कारकून. कंपनीचा प्रतिनिधी रोजच्या वसुलीचा डीसीआर भरायला बसलेला. मध्यंतरात भजी, शेंगदाणे, सोडा. मुख्य चित्राच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र दाखवणं बंधनकारक होतं. धरणाचं काम, पंडितजींचा दौरा, दुष्काळ, क्रिकेट. १९४८ पर्यंत ज्या मुलखाची निष्ठा निजामाच्या तख्ताशी बांधलेली होती, त्या मुलखातल्या निरक्षर माणसाने भारत नावाचा देश डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला तो बहुधा याच पडद्यावर.

सरकारला याचा पत्ता होता तो मुख्यतः कराच्या रूपाने. करमणूक कराचा कायदा १९२३ चा. तिकिटाच्या पैशांतला मोठा हिस्सा वर्षानुवर्षं तहसिलीत जमा होत राहिला. मग काळ फिरला. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हिडिओ पार्लर, नव्वदीत केबल. नवं शतक उजाडताच राज्याने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांसाठी करमणूक करात घसघशीत सवलत दिली. ज्या टॉकीजनी पन्नास वर्षं कर भरला त्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही, आणि हा अन्याय मी जाणूनबुजून अन्याय म्हणतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत फिल्मची रिळं गेली, डिजिटल यंत्रं आली, त्यांचा खर्च आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागला. मार्च २०२० मध्ये कोरोनाने सगळ्यांना कुलूप लावलं. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांवर उघडून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बंद झालेली महाराष्ट्रातली चित्रपटगृहं पुन्हा उघडली ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्या दिवशी अनेक गावांतली कुलपं निघालीच नाहीत.

मालकाला दोष देणं सोपं आहे आणि मी तो देणार नाही. भर बाजारातली एवढी मोठी जागा, तीन पिढ्यांत वाटण्या होऊन आठ-दहा नावं सातबाऱ्यावर चढलेली, वीजबिल आणि घरपट्टी चालू, उत्पन्न शून्य. गाळे काढले तर महिन्याला भाडं. त्यातून समृद्धी महामार्ग वैजापूर तालुक्यातून गेला, ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला, आणि जमिनीला असा भाव आला की स्मरणाच्या आधारावर कुणी ती राखून ठेवेल ही अपेक्षाच चुकीची. रस्ते झाले तसा सिनेमा पाहणाराही पाऊणशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या मॉलकडे वळला. चौघांचं कुटुंब तिकिटं, पॉपकॉर्न, पेट्रोल धरून एका सिनेमाला जेवढे पैसे घालवतं, तेवढ्यात शेतमजुराच्या घरचा आठवड्याचा बाजार होतो. म्हणजे टॉकीज बंद झाल्याने सिनेमा पैसेवाल्यांकडून गेलेला नाही. थर्डात बसणाऱ्याकडून गेला आहे.

अशा बंद जागांचं पुढे काय होतं, याचे दाखले महाराष्ट्रातच पुरेसे आहेत.

‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्या दिवसाची गर्दी आवरायला पोलिस लागले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅजेस्टिक पाडलं गेलं आणि तिथे त्याच नावाचं दुकान संकुल उभं राहिलं. ‘आलम आरा’ची प्रतही आज जगात कुठे नाही. म्हणजे भारतीय बोलपटाच्या पहिल्या दिवसाचा ना सिनेमा उरला ना भिंत.

पुण्याचं पहिलं कायमचं चित्रपटगृह आर्यन. मंडईजवळ, १९१५ साली बापूसाहेब पाठकांनी उभारलेलं. तमाशापासून लोकमान्यांच्या सभांपर्यंत सगळं पाहिलेल्या त्या पेठांत आर्यनने मूकपट आणले, बोलपट आणले, अडुसष्ट वर्षं चाललं, १९८३ साली बंद झालं आणि पाडलं गेलं. शेजारच्या मिनर्व्हाचंही तेच. आज मंडईत गाडी लावायची जागा शोधणाऱ्या पुणेकराला रस्त्यावरच्या पाट्या सांगतात, आर्यन पार्किंग, मिनर्व्हा पार्किंग. गाडी लावणाऱ्या तरुणाला ही नावं कुठून आली ते ठाऊक नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला सांगणारं तिथे काहीच ठेवलेलं नाही.

आता दुसरी बाजू. प्रभात फिल्म कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ १९५० च्या दशकात बंद पडला. ‘संत तुकाराम’ जिथे घडला त्या जागेचे प्लॉट पाडून बंगले झाले असते तर त्या काळात कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. १९६० साली केंद्र सरकारने तिथे चित्रपट शिक्षणाची संस्था काढली. पुढच्या अर्धशतकातल्या भारतीय सिनेमातली किती नावं त्या मजल्यांवरून गेली ते सांगायला नको. कंपनी बंद पडल्यापासून नवं काम सुरू होईपर्यंत मध्ये सहा-सात वर्षं गेली, इमारती शाबूत होत्या, आणि कुणीतरी वेळेत ठरवलं.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसला जास्त वाट पाहावी लागली. १९११ साली उद्घाटन झालेली ही वास्तू पुढे चित्रपटगृह झाली, १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने घेतली, १९९३ मध्ये बंद पडली. तेवीस वर्षं बंद. २०१२ साली तिचं नाव जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जीर्णोद्धार होऊन ती उघडली. तिच्यामागे राजघराणं होतं, आभा नारायण लांबा यांच्यासारख्या वास्तुरचनाकार होत्या, मुंबईचा पैसा होता. तालुक्याच्या टॉकीजला तेवीस वर्षं मिळत नाहीत. पत्रा चार पावसाळे सहन करतो. पाचव्या पावसाळ्यात लाकडी कैच्या कुजतात, सहाव्यात नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, आणि मग वाचवायचं की नाही हा प्रश्नच संपतो. छप्पर गळायला लागलं की निर्णय पाऊस घेतो.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं हे थिएटर. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते गेलं. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. ते जसं होतं तसंच बांधा, ही मागणी राख थंड व्हायच्या आत उठली आणि सरकारला ती मान्य करावी लागली. कारण त्या इमारतीत तोवर नाटकं होत होती. वापरात असलेल्या इमारतीसाठी गाव भांडतं. कुलूपबंद इमारतीसाठी कुणी भांडत नाही, ती आपल्या डोळ्यांदेखत पडली तरी.

हे सगळं पाहून मला एक स्पष्ट दिसतं. बंद टॉकीजचं भवितव्य बंद झाल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ठरतं. वैजापुरात आणि मराठवाड्यातल्या तशाच गावांत कोरोनापासूनची ती वर्षं जवळजवळ सरत आली आहेत.

काय करावं, तर भावनेने सुरुवात करू नये, विकास आराखड्याने करावी. नगरपरिषदेचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा नागरिकांना हरकती आणि सूचना देण्याचा हक्क असतो. बहुतेक वेळा हा हक्क ज्यांच्या जमिनीतून रस्ता जातो तेच वापरतात. आपल्या गावात सार्वजनिक सभागृह कुठे असावं, यावर अर्ज करणारा माणूस विरळा. टॉकीजच्या जागेवर सरसकट आरक्षण टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. नगररचना कायद्याच्या १२७ कलमाखाली दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढे आरक्षण उडतं. लहान नगरपरिषदेच्या तिजोरीत संपादनाचा पैसा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. असं आरक्षण म्हणजे मालकाला दहा वर्षं अडकवणं आणि इमारतीला दहा पावसाळे देणं. दोघांचंही नुकसान.

यापेक्षा शहाणा मार्ग राज्याच्याच नियमावलीत आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक आरक्षणाची तरतूद आहे. मालकाने जागेच्या काही भागावर ठरलेली सार्वजनिक सोय स्वतः बांधून नगरपरिषदेला द्यायची आणि उरलेल्या जागेचा विकास स्वतःसाठी करायचा. बाजारपेठेतल्या टॉकीजला हे चपखल बसतं. रस्त्याच्या बाजूला गाळे, वर कार्यालयं, आणि मागे दीडशे-दोनशे आसनांचं एक सभागृह. जुन्या हजार खुर्च्यांची गरज आज नाही. हजार खुर्च्यांचा हट्ट धरला तर एकही खुर्ची राहणार नाही. दर्शनी भिंत आणि तिच्यावरचं नाव ठेवावं, उतरती फरशी ठेवावी, प्रोजेक्टरची खोली ठेवावी. बाकी नवं करावं.

पुढचा धोका मला ठाऊक आहे. नगरपरिषदेच्या हातात सभागृह गेलं की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर महापालिकेचंच, आणि तेही दुरुस्तीच्या नावाखाली वर्षानुवर्षं बंद राहिलं. कलावंतांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली. म्हणून मालकी नगरपरिषदेची असली तरी चालवणारे हात वेगळे हवेत. लंडनच्या ईस्ट फिंचली भागात फिनिक्स नावाचं १९१२ पासूनचं चित्रपटगृह आहे. त्याच्या जागी कार्यालयं उभी राहणार असं ठरत आलं तेव्हा रहिवाशांनी विश्वस्त संस्था काढली आणि १९८५ मध्ये ते ताब्यात घेतलं. ते आजही त्याच संस्थेकडे आहे. लंडन आणि वैजापूर यांची तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. पण संस्था काढून चालवणं हे आपल्याला परकं आहे का? ज्या मुलखात दूध संघ, पतसंस्था, साखर कारखाने लोकांनी शेअर गोळा करून उभे केले, जिथे सार्वजनिक वाचनालयं वर्गणीवर चालली, तिथे दोनशे आसनांचं एक सभागृह चालवायला माणसं मिळणार नाहीत, हे मी मानत नाही. सहकारातले आपले कारखाने बुडाले, तेही खरं. त्यातून शिकायचं एवढंच की हिशेब दर वर्षी वाचनालयाच्या फळ्यावर लागला पाहिजे आणि अध्यक्ष आजन्म नसावा.

चालेल का, हा खरा प्रश्न. रोज चार खेळ लावून नाहीच चालणार. शुक्रवार ते रविवार सिनेमा, इतर दिवशी शाळांची स्नेहसंमेलनं, नाटकं, शेतकरी मेळावे, पुस्तक प्रकाशनं, स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं असं चाललं तर चालू शकतं. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर एकेकाळी १८ टक्के होता. तो २०१९ च्या जानेवारीत १२ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. स्वस्त तिकिटाच्या चित्रपटगृहाला इतका अनुकूल कर याआधी बहुधा कधीच नव्हता. आणि ऐन या वेळी स्वस्त तिकिटाची चित्रपटगृहं बंद आहेत. चांगला मराठी सिनेमा तालुक्याला लागत नाही म्हणून आपण दरवर्षी हळहळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तरुण मुलं रांगा लावून जगभरचे सिनेमे पाहतात. त्यातले चार सिनेमे पुढच्या आठवड्यात वैजापूरला दाखवता आले तर? दाखवायला जागा नाही, एवढीच अडचण आहे.

इमारत वाचो न वाचो, आणखी एक काम आहे आणि त्याला ना आराखडा लागतो ना पैसा. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले जेमतेम तीस उरले, तेही पुष्कळसे तुकड्यांत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांनी गोदामं, अडगळी, रद्दीची दुकानं धुंडाळून जे हाती लागेल ते जमवलं म्हणून एवढं तरी राहिलं. ते सिनेमाचं झालं. सिनेमा जिथे पाहिला गेला त्या जागांचं असं कुणीच जमवलेलं नाही. परवान्याच्या फायली आणि मंजूर नकाशे सरकारी दफ्तरात आहेत आणि दफ्तर कधीही नष्ट केलं जातं. तिकिटांची पुस्तकं, डीसीआरच्या वह्या, जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड, ‘आज शेवटचा दिवस’चे फलक भंगारात किलोने जातात. सर्वांत मोठा साठा माणसांपाशी आहे. ऑपरेटर, डोअरकीपर, रिक्षातून कर्ण्यावर जाहिरात करणारे, पोस्टर रंगवणारे. यांतले बरेच आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा इतिहास विभागाने एका वर्षी दहा विद्यार्थ्यांना मोबाइल घेऊन या माणसांकडे पाठवलं, तरी निजाम सर्किटमधल्या एका तालुक्याचा असा इतिहास तयार होईल जो गॅझेटिअरमध्ये नाही.

माझी विनंती तीन प्रकारच्या वाचकांना आहे. ज्यांच्या नावावर बंद टॉकीज आहे त्यांनी विकण्याआधी एकदा नगररचनाकाराला भेटून समावेशक आरक्षणाचा हिशेब मांडून पाहावा. तो तोट्याचा निघेलच असं नाही. जे नगरसेवक आहेत त्यांनी येत्या सभेत गावातल्या बंद चित्रपटगृहांची पाहणी करून छपराच्या तात्पुरत्या दुरुस्तीबद्दल मालकांशी बोलण्याचा ठराव मांडावा. आणि बाकीच्या सगळ्यांनी, ज्यांनी कधी तरी त्या अर्धगोल भोकात हात घालून तिकीट घेतलं आहे त्यांनी, आराखड्यावर सूचना मागवल्याची जाहिरात आली की एका कागदावर चार ओळी लिहून नगरपरिषदेत द्याव्यात आणि पोच घ्यावी. यंदाचा पावसाळा सुरू व्हायच्या आत.